रिकाम्या बाटल्या दाखवा

वहिनी, आम्ही परवा परत आलो. मी आणि दादा. बुटांतून अजून वाळू निघते आहे, आणि दादा ती झाडून बाल्कनीतल्या कोरफडीच्या कुंडीत टाकतो आहे. तुझा नवरा तुझ्या वाळवंटात जाऊन आला ही बातमी तुला कुणीतरी द्यायला हवी. माझ्याशिवाय ती दुसरं कुणी देणार नाही, म्हणून लिहायला बसले आहे.

तू कधी गेलीस, कशाने गेलीस, ते इथे लिहीत नाही. दारात येणाऱ्या प्रत्येकाला ते सांगून दादा थकला आहे. मला ज्या गोष्टी लिहायच्या आहेत त्या भेटायला येणारे विचारत नाहीत. साड्यांच्या दुकानातल्या कापडी पिशव्या तू इतक्या जपून का ठेवायचीस, हे कुणी विचारलं नाही. आपलं भांडण कुठवर आलं होतं, तेही नाही. ते तर तू अर्धवटच टाकून गेलीस.

तेरावं झालं, पाहुणे पांगले, आणि एका दुपारी डोंबिवलीच्या घरात आम्ही दोघंच उरलो. मी चहा केला. तुझा पत्ती मोजायचा चमचा सापडेना म्हणून अंदाजाने केला. दादाने एक घोट घेतला, काही बोलला नाही, आणि मग एकदम विचारलं, "शुभे, ती तिकडे जाऊन करायची काय गं?"

"तंबू लावायची. चहा करायची. आम्हाला ओरडायची."

"ते सगळं ती इथेही करायची. तंबू सोडला तर."

"तंबूसुद्धा इथे लावलाय तिने. गच्चीत."

तो हसला. तू गेल्यापासून पहिल्यांदा. मग म्हणाला, "मला विचारायचंय ते वेगळं. तिकडून आल्यावर ती इतकी खुशीत का असायची? चेहरा काळवंडलेला, ओठ फुटलेले, आणि खूश. मी कधी विचारलं नाही. ती सांगायला लागली की मी म्हणायचो, आधी आंघोळ करून घे, पाणी काढलंय."

उत्तर मलाही माहीत नव्हतं. इतके हिवाळे तुझ्याबरोबर आले आणि तरीही नाही.

"फेब्रुवारीतलं तुमचं ठरलेलं होतं ना?" तो म्हणाला. "मी येतो."

"दादा, तुला माथेरान झेपलं नव्हतं."

"माथेरानला चढ होता. तू नेशील का, एवढं सांग."

तुझ्या शाळेतल्या मैत्रिणींनी यंदाचं जाणं रद्द केलं होतं. त्यांचं बरोबर होतं. ज्या माणसाच्या भरवशावर जायचं तेच राहिलं नव्हतं. आणि मी कोण? कोपरीत एकटी राहणारी, कल्याणच्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात जन्म काढलेली तुझी नणंद. तुझ्याच शब्दांत सांगायचं तर, जाईल तिथे सावली शोधून पुस्तक उघडणारी. वाळूत मी कधी साधी दोरीही बांधली नव्हती, नुसती धरून उभी राहिले होते. सत्तरी ओलांडलेल्या, रक्तदाबाची गोळी घेणाऱ्या भावाला तिथे न्यायचं आणि सुखरूप परत आणायचं, हे माझ्याकडून होईल का, मला ठाऊक नव्हतं. तरी मी हो म्हटलं. त्याचा प्रश्न मलाही पडला होता, हे एक कारण. आणि आपल्या भांडणाचा निकाल त्याच जागी लागणार होता, हे दुसरं.

डॉक्टरांनी दादाला तपासलं, जाऊ दिलं, आणि सांगितलं, "पाणी भरपूर प्या." दादाने मान डोलावली. त्या मान डोलावण्याकडे मी तेव्हाच नीट बघायला हवं होतं.

तुझं वाळवंट एका मुलीमुळे सुरू झालं. ठाकुर्लीजवळच्या त्या शाळेत तू वर्षानुवर्षं भूगोल शिकवलास. वाऱ्याने सरकणारी वाळूची टेकडी फळ्यावर चंद्रकोरीसारखी काढायचीस, वाऱ्याचा बाण दाखवायचीस, बाजूला 'बारखाण' असं नाव लिहायचीस. निवृत्तीला थोडे दिवस उरले असताना एक मुलगी म्हणाली, "बाई, तुम्ही पाहिलंय का?" तू हे घरी जेवताना सांगितलंस. दादा म्हणाला, "त्यात काय? ज्वालामुखी तरी कुठे पाहिलायस? तोही शिकवतेस की." मी त्या दिवशी जेवायला होते. तू हसली नाहीस. भात कालवत राहिलीस.

पण तू अशीच उठून गेली नाहीस. तुझ्या स्वभावात ते नव्हतं. आधी गच्चीवर तालीम झाली. सोसायटीचे सेक्रेटरी जोशी गच्चीत वाळत घातलेले कपडे काढायला आले आणि तंबू बघून दारातच थांबले.

"वहिनी, घर विकलंत की काय?"

"नाही हो, ह्यांना भाड्याने दिलंय. मी वर आले."

"गच्चीवर राहायची परवानगी नाहीये सोसायटीत."

"राहत नाहीये. पडून बघतेय."

संध्याकाळी वारा सुटला आणि तुझा तंबू उडून जोश्यांच्या चादरींवर जाऊन बसला. गच्चीत खुंट्या ठोकता येत नाहीत म्हणून तू दोऱ्या नुसत्या विटांना बांधल्या होत्यास. दुसरी कुणी असती तर म्हणाली असती, तिथे काय, जमीन आहे, खुंट्या बसतील. तू मात्र विचार करत बसलीस की वाळूत खुंटी कशी टिकेल? जी जागची हलते तिला धरून ठेवायचं कशाने? आणि मग त्या पिशव्या आल्या. साडीच्या दुकानातली कापडी पिशवी वाळूने भरायची, तोंड दोरीने आवळायचं, हातभर खड्डा करून आडवी पुरायची, आणि तंबूची दोरी तिला बांधायची. वाळूच वाळूला धरून ठेवते, असं तू म्हणालीस. मला ते तेव्हा फार आवडलं होतं. बोलले नाही. नंतर बोलू म्हटलं.

पहिल्या वर्षी आपण पाच जणी होतो, सगळ्या डोंबिवली-कल्याणकडच्या. पहिल्या दुपारी जेवायच्या आधी तू वर्गात डबे तपासावेत तशा सगळ्यांच्या पाण्याच्या बाटल्या तपासल्यास. सगळ्यांच्या जवळजवळ भरलेल्या होत्या. आम्हाला त्याचा अभिमानच होता. आपल्याकडे पाणी कोणी वाया घालवतं का? नळाला पाणी कधी येईल ह्यावर ज्यांचं घर चालतं, पाहुणा आला की त्याला अर्धाच पेला देऊन "अजून हवं तर सांगा" म्हणतात, त्या बायका आम्ही. वाळवंटात आलो म्हटल्यावर आणखीच जपलं.

तू म्हणालीस, "शाबास. आता सगळ्या आजारी पडणार."

मग तू समजावलंस. इथली हवा इतकी कोरडी की घाम दिसायच्या आधी वाळतो. आपल्याकडे अंग चिकट झालं की कळतं, इथे काही कळत नाही, आणि माणसाला वाटतं आपल्याला ऊन लागतच नाहीये. "पाणी बाटलीत असून काय उपयोग? पोटात हवं. कॅन भरलेले आहेत, वेगवेगळ्या जागी ठेवलेत, एक फुटला तर दुसरा आहे. किती पुरेल ते मी बघते. तुम्ही प्या. दर थोड्या वेळाने मी म्हणेन, रिकाम्या बाटल्या दाखवा. जिची भरलेली दिसेल तिला माझ्यासमोर बसवून पाजेन." आणि त्यानंतर तू तो प्रश्न विचारलास, ज्याने तुझ्या शाळेतल्या गणिताच्या बाई लाजून लाल झाल्या. "लघवीला जाऊन आलात का? रंग कसा होता? गडद असेल तर अजून प्यायचं." नंतर आम्हाला त्याची सवय झाली. पोरींसारख्या ओरडून रंग सांगायला लागलो.

तुझा दुसरा नियम तंबू दिसेनासा झाला की थांबायचं, हा होता. एक टेकडी ओलांडली की पलीकडच्या सगळ्या सारख्याच, आणि वारा सुटला की पावलं पुसली जातात. वाट चुकलीच तर चालत सुटायचं नाही. आहे तिथे बसायचं, अंग झाकायचं, शिट्टी वाजवायची. प्रत्येकीच्या गळ्यात तू खेळाच्या तासाची शिट्टी अडकवली होतीस. गणिताच्या बाई एकदा झुडपाच्या शोधात टेकडीआड गेल्या तर तू त्यांना असं बोललीस की त्या रात्री जेवल्या नाहीत.

आणि तू स्वतः? रोज उजाडताना उठायचीस, बूट उलटे करून आपटायचीस, विंचू नाही ना बघायचीस, आणि पूर्वेच्या टेकडीवरून पलीकडे उतरायचीस. एकटी. बऱ्याच वेळाने परत यायचीस, चेहऱ्यावर काहीतरी घेऊन. काय, ते मला वाचता आलं नाही.

आपलं भांडण ते हेच.

"नियम सगळ्यांना, मग तुला का नाही?"

"मी सुमेरजींना सांगून जाते." सुमेरजी म्हणजे आपले जीपवाले, जवळच्याच गावचे.

"गणिताच्या बाईंनीही मला सांगितलं होतं."

"तू पुस्तकात होतीस. त्याला सांगणं म्हणत नाहीत."

"वहिनी, विषय बदलू नकोस. पलीकडे उतरलीस की तू कुणालाही दिसत नाहीस."

"मी तुम्हाला दिसत नसेन. मला तुम्ही दिसता ना."

"कशावरून?"

"ये मग एकदा बघायला."

मी गेले नाही. नियमावरून भांडायला नियमच मोडून जायचं, हे मला पटेना. परतीच्या गाडीत तेच भांडण, पुढच्या वर्षी तेच, तुझ्या दुखण्यात फोनवरही तेच. तू म्हणालीस, "फेब्रुवारीत चल, तिथेच निकाल लावू." आवाज बारीक झाला होता, पण त्यातली खोडी तशीच होती. आणि तेव्हाही मी एवढंच म्हटलं, "बघू." मला म्हणायचं होतं की तू माझ्या दाराशी येऊन मला पुस्तकातून बाहेर ओढलंस, नाहीतर मी माझ्या कपाटांमध्येच म्हातारी झाले असते. भांडण चालू होतं म्हणून हे म्हटलं नाही. मध्येच गोड बोललं की आपण हरलो असं वाटतं ना.

सुमेरजी स्टेशनावर आले होते. त्यांनी माझ्यामागे पाहिलं, मग दादाकडे. "मैडम?"

"वो नहीं आईं," दादा त्याच्या हिंदीत म्हणाला. "मैं आया हूँ. उनका हस्बंड."

सुमेरजींनी त्याचा हात दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ सोडला नाही. जीपमध्ये बसल्यावर दादा हळूच मला म्हणाला, "ह्याला कळलं बहुतेक."

मी सगळं तुझ्यासारखं केलं. गावात थांबून आम्ही कुठे असणार आणि कधी परतणार ते सांगितलं, म्हणजे आलो नाही तर कोणी शोधायला निघेल. वाळू लागण्याआधी सुमेरजींनी टायरमधली हवा कमी केली. पाणी गावातच भरून घेतलं, आणि वहिनी, तिथे दादा खुलला. नळी त्याने कुणालाही धरू दिली नाही. कॅन थोडा तिरका धरायचा, म्हणजे हवा निघते आणि पाणी सांडत नाही, हे त्याने सुमेरजींना करून दाखवलं. तुमच्या संसारात तू माणसं सांभाळलीस आणि त्याने पाणी. सकाळी नळाचा पहिला खरखर आवाज आला की हा माणूस उठून पिंप, कळश्या, बादल्या भरायचा, आणि शेवटची कळशी भरली की मगच दात घासायचा.

तंबूच्या जागेवरून तो म्हणाला, "समोर एवढी छान सपाट जागा आहे, सारवल्यासारखी. ती सोडून इथे का?"

"ते ओढ्याचं कोरडं पात्र आहे. पाऊस लांब कुठेतरी पडतो आणि पाणी इथे येतं. आपल्या डोक्यावर थेंबसुद्धा नसतो."

"फेब्रुवारीत?"

"वहिनीने तिथे कधी लावला नाही."

"मग नको," तो म्हणाला, आणि पिशव्या भरायला बसला. पिशव्यांवरची दुकानांची नावं वाचत होता. एक हातात धरून म्हणाला, "ही आमच्या लग्नाच्या वाढदिवसाची. साडी घेतली आणि म्हणाली, पिशवी मोठी द्या." मग ती वाळूने भरली, तोंड आवळलं आणि स्वतः पुरली.

दुसऱ्या दुपारी तो बोलेनासा झाला. मला वाटलं तुझी आठवण येत असेल. मी चहा विचारला तर खेकसला. दादा माझ्यावर कधी खेकसत नाही. म्हणाला, "डोकं दुखतंय जरा. ऊन नाही लागलेलं, घामसुद्धा आला नाहीये." ते वाक्य ऐकलं आणि मला तुझा आवाज ऐकू आला. मी दिवसभर त्याला विचारत होते, पाणी पितोयस ना, आणि तो हो हो म्हणत होता. तुझ्यासारखं 'बाटली दाखव' असं म्हटलं नव्हतं. मोठ्या भावाला कोण म्हणतं?

"दादा, बाटली दाखव."

"आहे, आहे पाणी. चिंता करू नकोस."

तो खरंच मला दिलासा देत होता. बाटली भरलेली होती. सकाळी मी भरून दिली होती तशीच, गळ्यापर्यंत.

"हे काय?"

"संध्याकाळी लागलं तर? कॅन भरलेत म्हणून काय लगेच संपवायचे?"

तो उठायला गेला आणि गुडघ्यांवर बसला. तंबूची दोरी धरून थोडा वेळ तसाच राहिला. चेहरा कोरडा, ओठ पांढरे. मी फार घाबरले, वहिनी. मनात आलं, आता तू असतीस तर. आणि तू नव्हतीस, म्हणून मला तुझं काम करावं लागलं.

त्याला सावलीत आडवा केला. पाय पिशवीवर उंच. मानेला ओला पंचा. पाण्यात साखर-मीठ घातलं आणि घोट घोट पाजलं, एकदम नाही. सुमेरजींना जीप तोंड फिरवून तयार ठेवायला सांगितलं. तू सांगायचीस तसं आधीच ठरवून टाकलं, म्हणजे नंतर मन डगमगायला नको. तंबूची सावली पाण्याच्या कॅनपर्यंत पोचेपर्यंत बरं वाटलं नाही तर सामान सोडून निघायचं.

"मी येत नाही," दादा डोळे मिटून म्हणाला. "ती जायची ती टेकडी बघायची राहिलीय."

"टेकडी जाते कुठे?"

"तीच म्हणायची, सरकते म्हणून."

"दादा, पी."

तो प्यायला. मी परत दिलं. परत प्यायला. सावली हळूहळू सरकत होती आणि मी तिच्याकडे असं बघत होते जसं कधी कुठल्या पानाकडे बघितलं नाही. मग मला तो प्रश्न विचारावाच लागला.

"लघवीला जाऊन ये."

"शुभे, लाज आहे का काही?"

"तुझ्या बायकोने मला गणिताच्या बाईंसमोर विचारलं होतं. मी तुला एकट्याला विचारतेय."

सुमेरजी पाठ करून जीपची काच पुसत राहिले. दादा सुमेरजींच्या खांद्याला धरून गेला आणि परत आला. "झाली," म्हणाला, शाळेतल्या मुलासारखा.

"रंग?"

"गडद होता."

"मग अजून पी."

सावली कॅनपर्यंत पोचली तेव्हा त्याच्या ओठांना रंग आला होता आणि तो मला म्हणाला, "तुझा चहा त्या दिवशी घरीही फार कडक झाला होता. बोललो नाही." तेव्हा मला कळलं की आपण इथेच राहतोय.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तुझ्या पूर्वेच्या टेकडीवर गेलो. सुमेरजी जीपजवळ थांबले, आम्हा दोघांच्या गळ्यात शिट्ट्या, हातात बाटल्या. दादा दर थोड्या पावलांनी थांबत होता आणि न सांगता पीत होता. वर पोचलो, पलीकडच्या उतारावर थोडं खाली उतरलो, आणि तिथे एक बसायची जागा होती. तुझी आहे की वाऱ्याने केलेली, सांगता येणार नाही. दादा बसला. आणि त्याच्या खिशातला फोन वाजायला लागला. टिंग, टिंग, टिंग. दोन दिवसांचे निरोप एकामागोमाग एक येत होते.

खाली तंबूपाशी रेंजचं नाव नव्हतं. इथे होती.

दादा फोनकडे बघत राहिला. "इथून करायची होय," तो म्हणाला.

"काय?"

"फोन. ती इकडे असली की रोज सकाळी फोन यायचा. मला वाटायचं तंबूतूनच करते."

"काय बोलायचात?"

"काही नाही गं. ती विचारायची, पाणी आलं का? मी म्हणायचो, आलं. बाकी बोलायला वेळ कुठे असायचा, नळ चालू असायचा." त्याने बोटाने फोनवरची वाळू पुसली. "मागच्या वर्षी म्हणाली, सूर्य उगवतोय, ऐकतोयस ना? मी म्हटलं, त्यात ऐकायचं काय? पिंप भरत आलंय, ठेव."

मी त्याच्या शेजारी बसले. समोर नुसती वाळू होती, पहाटेच्या फिकट उजेडात बारीक लाटांची, आणि क्षितिजावर तांबडं फुटत होतं. तो फोनवर काहीतरी दाबत होता. मला वाटलं, तुझा नंबर लावतोय की काय. नाही. जोश्यांना लावला. घराची किल्ली त्यांच्याकडे होती.

"जोशी, पाणी आलं का?"

जोश्यांचा आवाज मलाही ऐकू आला. "आलं, आलं. पिंप भरतंय. तुम्ही कुठून बोलताय?"

"टेकडीवरून. इथे सूर्य उगवतोय."

पलीकडे नळाचा आवाज येत राहिला. मग जोशी म्हणाले, "मग बघा की. पिंपाकडे मी बघतो."

दादाने फोन खिशात ठेवला आणि बघितलं. पूर्ण बघितलं, वहिनी. सूर्य वर येऊन उजेड पांढरा होईपर्यंत.

मी तेवढ्यात मागे वळून पाहिलं, कारण भांडण माझंही होतं. तिथून तंबू दिसत नाही. बसून दिसत नाही, उभं राहूनही नाही. चार पावलं वर चढून माथ्यावर आलं तरच दिसतो. तेव्हा ह्यात मी जिंकले. आणि दुसरंही सांगते. रेंज कुठे आहे हे तू आम्हाला सांगायला हवं होतंस. आदल्या दुपारी मला ते माहीत असतं तर मी थोडी कमी घाबरले असते. सुमेरजींना विचारलं तर म्हणाले, "मैडम ने मना किया था. बोलती थीं, सब लोग दिनभर ऊपर ही बैठे रहेंगे." तुझं म्हणणं बरोबर असेल, गणिताच्या बाई तर तिथेच तंबू मागून बसल्या असत्या. पण सुरक्षिततेची गोष्ट होती ती, आणि तुझ्यासारखीने ती लपवावी? यावर तुझं काहीतरी उत्तर असणार. मी ते कितीदा तयार करून बघितलं, जमत नाही. तुझी उत्तरं मला कधीच आधी सुचली नाहीत.

जे भांडणामुळे म्हणायचं राहिलं होतं ते मी तिथे म्हटलं, मोठ्याने नाही. इथे वर लिहिलंच आहे.

उतरताना मी दादाला विचारलं, "कळलं का, ती इतकी खुशीत का असायची?"

"तुला?"

"नाही."

"मला थोडं कळलं."

"काय?"

"सांगतो. आधी पाणी पिऊ दे."

अजून सांगितलेलं नाही. मी परत विचारलेलं नाही. पुढच्या हिवाळ्यात विचारीन, त्याच जागी. पिशव्या धुऊन वाळवल्या आहेत. ती वाढदिवसाची शिवणीत थोडी उसवली होती, दादाने हाताने टाके घातले. टाके वाकडे आहेत, पण पक्के आहेत.

आज सकाळी इकडे कोपरीत मी अजून अंथरुणातच होते, तर फोन वाजला.

"पाणी आलं," दादा म्हणाला. मागे नळ चालू होता.

मी विचारलं नव्हतं.

"प्यायलास का?" मी म्हटलं.

त्याने बाटलीचं झाकण फिरवलेलं ऐकू आलं. मग घटाघट पिण्याचा आवाज आला, आणि बाटली ओट्यावर ठेवल्याचा.

"रिकामी आहे," तो म्हणाला. "तुला दिसत नसली तरी."